अमर माणसाला घाई कसली?

घाटकोपर गेलं तेव्हा लेडीज डब्यात चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेली एक मुलगी मोबाइलवरची गोष्ट शेजारणीला हळू आवाजात वाचून दाखवत होती. शेजारीण पन्नाशीची. मांडीवर पिशवी, पिशवीत मेथीची जुडी, आणि बोटं न बघता पानं खुडत होती. गोष्टीतला तो हजार वर्षं जगलेला होता. डोळे काळेभोर, आवाज खोल, शहरातल्या निम्म्या इमारती त्याच्या मालकीच्या. ती बँकेत नोकरी करणारी, पावसात स्टेशनकडे निघालेली. तो वाट अडवतो, तिचं मनगट आवळतो, तिला भिंतीला टेकवतो आणि म्हणतो, तू माझी आहेस, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल. वाचणाऱ्या मुलीचा श्वास अडकला होता. मेथी खुडणाऱ्या बोटांचा वेग तसाच राहिला. मग त्या बाई म्हणाल्या, "हजार वर्षं थांबला ना गं हा? मग आता दोन मिनिटं थांबायला काय झालं त्याला?"

मुलीने वर पाहिलं, काही बोलली नाही. कुर्ला आलं, गर्दी आत घुसली, दोघींच्या मध्ये कुणाची तरी पर्स आली, आणि दादरला मुलगी उतरून गेली.

त्या प्रश्नाने तेव्हापासून पाठ सोडलेली नाही.

वरवर तो वाचकाचा प्रश्न वाटतो, पण सुताराने विचारावा तसा आहे. खुर्ची डुगडुगते आहे एवढं सांगून त्या थांबल्या. कुठला पाय आखूड आहे हे लिहिणाऱ्याने शोधायचं. आणि शोधायलाच हवं, कारण अमर, हुकमी नायकाच्या या भागाभागाच्या प्रेमकथा मराठीत रोज लिहिल्या जातात, रोज वाचल्या जातात, आणि वाचणाऱ्या बायका त्यांत खरोखर जीव गुंतवतात. हुकमी नायकाबद्दलची त्यांची ही ओढ खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवं. जी बाई सकाळी पाचला उठून डबे भरते, गॅसचा नंबर लावते, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून ठेवते, घराचा हप्ता कुठल्या तारखेला कापला जाणार ते लक्षात ठेवते आणि साहेबांच्या मेलला गाडीत उभ्या उभ्या उत्तर देते, तिला दिवसातून एकदा तरी वाटतं, की कुणीतरी भक्कम माणसाने समोर यावं आणि म्हणावं, बस तू, मी बघतो. त्याच बाईला रात्री रिक्षात बसल्यावर मैत्रिणीला लोकेशन पाठवावं लागतं. या दोन्ही गोष्टी एकाच देहात एकाच वेळी असतात. गोष्टीत पहिलीच घेतली आणि दुसरी सोडली की मेथी खुडणारी बाई बरोबर तिथेच बोट ठेवते.

मराठीत वर्चस्वाला किती शब्द आहेत ते पाहिलं तर अर्धं काम होतं. हुकूम, धाक, जरब, दरारा, वचक. हुकूम तोंडाने द्यावा लागतो. धाकाला शिक्षेचा आधार लागतो. जरब आवाजात असते. दरारा मात्र माणूस खोलीत नसतानाही असतो. तो आला की लोक सरकून जागा करतात आणि आपण जागा का केली हे त्यांना नंतरही नीट सांगता येत नाही. अमर माणसाकडे असायला हवा तो दरारा. मनगट आवळणं हे धाकाच्याही खालचं आहे, ती घायकुतीला आलेल्या माणसाची खूण आहे. ज्याच्याकडे वेळ उदंड आहे त्याला हात लांब करावाच लागत नाही. उभं राहिलं की पुरतं.

पण हा दरारा आला कुठून? इथे बहुतेक गोष्टी घसरतात, कारण नायकाचं वय नुसता आकडा म्हणून येतं. हजार वर्षं म्हणजे नेमकी कुठली? मुंबईत गोष्ट घडवायची तर उत्तर पायाखालीच आहे. उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य होतं, आणि त्यांच्या काळातले गद्धेगळ, म्हणजे शाप कोरलेले दगड, अजून जागोजागी सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा किंवा हद्दीचा मजकूर, आणि खाली गाढव आणि बाई. चंद्र-सूर्य म्हणजे आचंद्रार्क, आकाशात ते आहेत तोवर हे दान चालेल. खालचं चित्र म्हणजे जो हे मोडेल त्याच्या आईची काय गत होईल याची धमकी. शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला परळचा लेख बाराव्या शतकातला. मजकूर संस्कृतात आणि शेवटची शापवाणी मात्र मराठीत, म्हणजे वाचणाऱ्याला नेमकं लागावं अशा भाषेत. अमरत्व आणि वर्चस्व ही दोन्ही एकाच दगडावर, एक डोक्याशी आणि एक पायाशी.

असा दगड कोरून घेणारा एखादा सामंत आपल्या नायकाच्या जागी ठेवून पाहावा. त्याने हुकूम दिला, पाथरवटाने कोरला, आणि 'आचंद्रार्क' हा शब्द त्यालाच चिकटला. चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याने त्या हद्दीची राखण करायची. आता त्याचं वर्चस्व नुसतं मोहक राहत नाही. आपली सत्ता टिकावी म्हणून त्याने कुणा परक्या आईची विटंबना दगडावर चढवली होती, आणि आठशे-साडेआठशे वर्षं तो त्या दगडाजवळून जातो-येतो आहे. या माणसाला बाईचं मनगट आवळताना काय आठवेल? ज्या गोष्टीत त्याला काहीच आठवत नाही, तिथे आठशे वर्षं फुकट गेली. मला तरी अशा माणसाचा हात मध्येच थांबलेला जास्त खरा वाटतो. त्या थांबण्यात लाज आहे, सवय आहे आणि ओढही आहे.

आपल्याकडची सगळ्यात जुनी अशी प्रेमकथा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. पुरूरवा मर्त्य, उर्वशी अमर. तिथे वरचढ ती आहे. ती सोडून निघते, तो थांब म्हणून विनवतो, आणि ती त्याला सरळ सांगते, की बायकांशी सख्य होत नसतं, त्यांची काळजं लांडग्यांची. पुढे शतपथ ब्राह्मण या ग्रंथात हीच कथा विस्ताराने येते आणि उर्वशीच्या अटी तिथे स्पष्ट आहेत. त्यांतली एक, माझी इच्छा नसताना माझ्याजवळ यायचं नाही. लिहिणाऱ्यांनी ही अट भिंतीवर लावून ठेवावी. संमतीची गोष्ट परवा बाहेरून आली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी. कारण अटी आधी मांडल्या की पुढचा प्रत्येक प्रसंग आपोआप ताणला जातो. कुठली अट मोडणार, कोण मोडणार, जाणूनबुजून की फसवणुकीने, या काळजीवर वाचक पंचवीस भाग चालतो. उर्वशीच्या कथेतही अट मोडते ती गंधर्वांच्या डावाने, लखकन चमकलेल्या विजेत.

नियम तीनच ठेवावेत. त्याला काय करता येत नाही, त्याच्या शक्तीची किंमत काय, आणि ते सगळं कोण मोडू शकतं. चौथा नियम आला की वाचक हिशेब ठेवणं सोडून देतो. पहिला नियम कोकणाने तयारच ठेवला आहे. देवचार म्हणा, राखणदार म्हणा, खांद्यावर कांबळं, हातात काठी, रात्री चुकलेल्या माणसाला घरापर्यंत आणून सोडणारा आणि उर्मटपणा केला तर तिथल्या तिथे चकवणारा. गाऱ्हाणं घातलं की ऐकतो. पण त्याची सत्ता वेशीपर्यंत. वेस ओलांडली की तो कुणीच नाही. आता हा राखणदार मुंबईच्या सात बेटांपैकी परळच्या बेटावर ठेवला तर वेस कुठली? खाडी. आणि खाडीच बुजवली गेली. वरळीच्या खिंडारातून भरतीचं पाणी आत येई, ते हॉर्नबीच्या बांधाने अठराव्या शतकाच्या शेवटी अडलं; आज हाजी अलीजवळ ज्याला लाला लजपतराय मार्ग म्हणतात तो त्याच बांधावरचा रस्ता. रेसकोर्स आहे तिथे पाणथळ होती. म्हणजे या माणसाची हद्द आता डांबराखाली आहे. लोक जिथे बिनदिक्कत टॅक्सीने जातात तिथे तो फुटपाथवर थबकतो. जुना नकाशा समोर ठेवून तिचं काचेचं ऑफिस भरावाच्या जमिनीवर टाकावं, आणि परळ स्टेशन त्याच्या बेटावर. आता दिवसाचे नऊ तास ती त्याच्या हद्दीबाहेर आहे. तिथे तिचा पगार आहे, तिचा हुद्दा आहे, तिच्यावर खेकसणारा साहेब आहे, आणि या सर्वशक्तिमान माणसाला तिथे पाऊल टाकता येत नाही. तिची लढाई तिलाच लढावी लागते. संध्याकाळी ती स्वतःच्या पायांनी हद्दीत येते, किंवा प्रभादेवीच्या बाजूने टॅक्सी करून परस्पर निघून जाते, येत नाही. येण्याला वजन येतं ते न येण्याच्या सोयीमुळे.

अशा गोष्टींतल्या नायिकेची नोकरी साधारण दहाव्या-बाराव्या भागात नाहीशी होते, हे कुणी लक्षात घेतलंय का? आधी ऑफिस असतं, मग सुट्टी असते, मग वाडा असतो, मग नुसत्या मेणबत्त्या. पगाराची तारीख गोष्टीतून गेली की बाईचं 'नाही' म्हणणंही गेलं, कारण जायला दुसरी जागाच उरली नाही. म्हणून दर दोन-तीन भागांत एकदा तरी तिच्या हातात पास, डबा, कार्डपंच, हप्त्याचा मेसेज यांपैकी काहीतरी दिसू द्यावं. या वस्तू तिला जमिनीवर धरून ठेवतात.

त्याच्या वस्तूंचं काय? अमर माणूस श्रीमंतच असला पाहिजे ही समजूत कुठून आली कळत नाही. पुरलेलं सोनं काढून विकणं इतकं सोपं नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मला तो परळच्या चाळीतल्या पागडीच्या खोलीत दिसतो. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडं गोठलं आणि भाडेकरूला पाय रोवायला जागा मिळाली. भाडेपावती बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर होते, आणि दर तीस-चाळीस वर्षांनी तोच माणूस स्वतःचा मुलगा होऊन सही करतो. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणतात, अगदी बापावर गेलाय हो. हे चालतं तोवर चालतं. मग पुनर्विकासाची नोटीस लागते. आधार मागतात, अंगठ्याचे ठसे मागतात, फोटो मागतात. चाळ सोडून भाड्याने राहायचं तर अकरा महिन्यांचा करार, त्यालाही ठसे आणि पोलिसांकडे नोंद. पूर्वीच्या कुठल्याच राजवटीने त्याला असं पकडलं नव्हतं. इथे पहिल्यांदा त्याला तिची गरज लागते, अर्ज भरायला. तिला ते रोजचं काम आहे. ती पेन काढते आणि विचारते, जन्मतारीख? या एका ओळीत जितकी जवळीक आहे तितकी पावसातल्या दहा मिठ्यांत नाही.

त्याच्या आठवणींचाही असाच घोळ होतो. तो बोलायला लागला की इतिहासाचं पुस्तक उघडतं: १६६१ चं मुंबईचं आंदण, पहिली आगगाडी, सगळं ओळीने. माणूस असा आठवत नाही. तीन आठवणी पुष्कळ झाल्या, आणि त्या वासाच्या किंवा आवाजाच्या असाव्यात. १८९६ च्या प्लेगमध्ये भिंतींना मारलेल्या ओल्या चुन्याचा वास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुजवलेली पाणथळ पुन्हा पाण्याने भरलेली पाहून, माणसं बुडत असताना, क्षणभर झालेला आणि नंतर कायम टोचणारा आनंद, की माझी वेस परत आली. आणि गिरण्यांचे भोंगे. परळ-लालबागमध्ये भोंग्यावर चुली पेटत, भोंग्यावर पाळ्या बदलत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि त्यानंतर हळूहळू ते आवाज गेले ते गेलेच. भोंगे थांबल्यापासून त्याने कुणाला वेळ विचारलेली नाही. घड्याळ तो वापरत नाही. त्याला लागत नाही.

भाषेची एक सोय मराठीने दिली आहे ती फुकट घालवू नये. तू, तुम्ही, आपण. तो तिला पहिल्या भेटीत काय म्हणतो? बहुतेक लिहिणारे त्याला सरळ 'तू' वर आणतात, कारण 'तू' म्हटलं की रुबाब येतो. मला उलट वाटतं. आठशे वर्षं जगलेला माणूस अनोळखी बाईला 'तुम्ही' म्हणेल आणि त्या 'तुम्ही'ने ती जास्त अस्वस्थ होईल. ती मात्र आजची. ऑफिसात सगळे अरे-तुरे. तिच्या तोंडून सुरुवातीला, जुन्या वाड्यातल्या कुणाशी बोलावं तसं, 'अहो' निघतं. एक दिवस रागात 'तू' निघून जातं आणि दोघंही गप्प होतात. या एका अक्षराच्या बदलाला आख्खा भाग द्यावा. आज्ञार्थाचंही तसंच. 'ये', 'या', 'यावं', 'येशील?' अशा चार पायऱ्या आहेत, आणि वरचढ माणूस जसजसा प्रेमात पडतो तसतसा तो 'ये' पासून 'येशील?' कडे उतरत जातो. तो उतार वाचकाच्या कानाला कळतो, सांगावा लागत नाही. एका भागात एकच हुकूम पुरे. तीन हुकूम झाले की चौथा ऐकू येत नाही. आणि प्रत्येक हुकमानंतर प्रसंगात एक दार, एक जिना, एक सुटणारी गाडी हवी, म्हणजे तिला जाता येईल. ती थांबली तर ते तिचं थांबणं.

पंचवीस-तीस भागांची गोष्ट धरली, एक भाग हजार-बाराशे शब्दांचा, तर पहिला भाग पूर्ण तिचा असावा; तिचा दिवस, तिची थकलेली पाठ, तिच्या चपलेचा निघालेला अंगठा. दुसऱ्या भागात तो दिसू नये, त्याचा परिणाम दिसावा. अरुंद जिन्यावर रेटणारी गर्दी तिच्याभोवती वीतभर सैल झाली, एवढंच. तिसऱ्यात त्याची दहा वाक्यं. स्पर्श आठव्या-नवव्याच्या आधी नको, आणि तो तिने करावा, शक्यतो कामाच्या निमित्ताने, पावती देताना, अर्जावर बोट ठेवताना. वशीकरण, मोहिनी, मनातलं ओळखणं अशी शक्ती त्याला द्यायची असेल तर ती तिसऱ्या-चौथ्या भागात दुसऱ्या कुणावर चाललेली दाखवावी आणि तिच्यावर चालत नाही, किंवा तो चालवत नाही, हे स्पर्शाच्या आधी पक्कं करावं. नाहीतर तिचं प्रेम आहे की त्याची करणी, हा संशय शेवटपर्यंत सगळं नासवतो. मध्यावर, चौदाव्या-पंधराव्या भागाशी, लिहिणाऱ्याचा धीर सुटतो आणि कुठून तरी दुसरा अमर येतो, त्याचा वैरी. तो आला की दोन बलाढ्यांची झुंज सुरू होते आणि ती बाजूला उभी राहून नुसती घाबरते. वैरी हवाच असेल तर पुनर्विकासाची तारीख पुरेशी आहे.

आणि घाम.

महाभारतात दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचंच रूप घेऊन बसतात. समोर पाच नळ. ती ओळखते कशावरून? देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, अंगावर धूळ नाही, सावली पडत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याची माळ सुकली आहे आणि ज्याला घाम आला आहे त्याला ती वरते. चार अमर सोडून एक मर्त्य. थंडगार हात आणि फिकट चेहरा हे बर्फाच्या देशातल्या गोष्टींचं सामान झालं. मुंबईत कुणाचा हात थंड लागला तर ऑफिसातल्या एसीतून आला असेल असंच वाटेल. इथली खूण घाम हीच. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस पडू पडू म्हणतो आणि पडत नाही, ब्लाउज पाठीला चिकटलेला, ओढणीने मान पुसून पुसून लाल झालेली, आणि समोर एक माणूस उभा, शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, ओठावर थेंब नाही. डोंबिवलीहून रोज येणारी बाई ते एका नजरेत टिपेल. पुढचे वीस भाग तिला त्या कोरडेपणाची ओढ वाटावी आणि भीतीही. गर्दीत उभं राहून, दुसऱ्यांच्या घामात भिजून घरी पोचलेल्या बाईला कोरडा माणूस म्हणजे सावली वाटते. पण ज्याला घाम नाही त्याला श्रमही कळत नाहीत, हे तिला कधीतरी उमगायला हवं. दुसरा नियम, शक्तीची किंमत, तो हाच.

तिसरा नियम, हे सगळं कोण मोडू शकतं, तो मात्र बाहेर शोधायला नको. आपल्या आज्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. 'अहो', 'ऐकलंत का', मुलाचं नाव घेऊन 'अमक्याचे बाबा'. का, तर नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. उखाण्यात घ्यायचं ते शब्दांत गुंडाळून, दृष्ट लागू नये तसं. ही समजूत आता फारसं कुणी मानत नाही. नाव सरळ तोंडावर घेतलं जातं. पण जो मरूच शकत नाही त्याच्यापुढे ही समजूत ठेवून पाहा. बायकोने नाव घेतल्याने आयुष्य कमी होत असेल, तर त्याच्या अनंत आयुष्याला एकच गोष्ट कमी करू शकते, तिच्या तोंडून निघालेलं त्याचं नाव. शतकानुशतकं बायकांना गप्प ठेवणारा रिवाज, आणि त्याच्या आत हे हत्यार झाकून ठेवलेलं. त्याचं बळ दगडावर कोरलेलं आहे, तिचं जिभेवर.

इथे मन घोटाळतं, आणि घोटाळायलाच हवं. नाव घेणं म्हणजे त्याला मोकळं करणं की मारणं? सावित्री यमाच्या मागे चालत गेली आणि बोलत बोलत एकेक वर मिळवत नवऱ्याचं आयुष्य परत घेऊन आली. आपली नायिका उलट वाटेने जाते, ती आयुष्य संपण्याच्या हद्दीत आणते. वटपौर्णिमेला सात जन्म मागतात. तिला सात मिळतील, त्याला हा एकच, न संपणारा. म्हणून नाव घेण्याआधी तिनेही विचारलं पाहिजे. उर्वशीची अट दोन्हीकडून लागू. विसाव्या भागाच्या आसपास त्याने तिला आपलं नाव सांगावं, दगडावर आहे ते, आणि 'घे' असंही म्हणू नये, 'घेऊ नकोस' असंही नाही. आठशे वर्षं हुकूम देणाऱ्या माणसाने न दिलेला हा पहिला हुकूम. मग ती मावशीकडे हळदीकुंकवाला जाते, नव्या सुनेभोवती बायका 'नाव घे, नाव घे' म्हणून कालवा करतात, हशा पिकतो, हातात वाण असतं, आणि ती एकटी ओठ मिटून बसलेली. तिच्या तोंडात एक नाव आहे आणि ते जड आहे.

शेवट परळच्या प्लॅटफॉर्मवर घ्यावा. संध्याकाळची वेळ, इथूनच सुटणारी कल्याण गाडी लागलेली, म्हणजे बसायला मिळणारी. रोज जाणाऱ्या बाईला या गाडीची किंमत सांगायला नको. खिडकी मिळाली तर डोंबिवलीपर्यंत डोळे मिटता येतात. ती डब्यात चढते, खिडकीत बसते. तो बाहेर, हद्दीच्या आत, हात मागे बांधून. काही म्हणत नाही. मनगट धरत नाही. डब्यातल्या बायका पर्स ठेवून जागा अडवतात, कुणीतरी विचारतं, तुम्ही कुठे उतरणार? ती उठते आणि खाली उतरते. गाडी हलते, वेग घेते, तिची खिडकी तिच्याशिवाय निघून जाते.

मग ती त्याचं नाव घेते. उखाणा नाही, मंत्र नाही, गर्दीत ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसं.

थोडा वेळ काहीच होत नाही. पुलावरून पावलांचा आवाज येत राहतो, वडापावच्या गाडीवर तेल कढत असतं. मग तिला त्याच्या वरच्या ओठावर एक थेंब दिसतो, मग कपाळावर, मग शर्टाच्या पाठीवर एक काळपट डाग पसरत जातो. तो हात कपाळाला लावून बोटं पाहतो. मनगट घाईने धरण्याचा जो प्रसंग त्या मुलीच्या मोबाइलवर पाचव्या भागात होता, त्याची जागा ही, इथून पुढची. आता त्याच्याकडेही वेळ थोडा आहे. वर इंडिकेटरवर पुढच्या गाडीचे आकडे बदलतात. तो त्यांच्याकडे बघतो, नीट वाचता न आल्यासारखा, आणि तिच्याकडे वळून विचारतो, "किती वाजले?"